ताटलीवरची खूण

आमच्या घरात जर्मनची एक ताटली होती. तिच्या काठावर आजीनं खिळ्यानं फुली कोरली होती. ती इतर भांड्यांत घासायची नाही, मांडणीवर ठेवायची नाही, गोठ्याच्या कुडाला अडकवून ठेवायची, असा घरचा नियम होता. १९९६ सालची गोष्ट. मी दहा वर्षांची होते आणि त्या ताटलीत भाकरी-कालवण घालून काकीपुढं सरकवायचं काम माझ्याकडं होतं. सरकवायचं, हातात द्यायचं नाही. त्यासाठी आजीनं एक तुरकाटी दिली होती. “काटीनं ढकल आन् माघारी ये. थांबू नगंस.” मी थांबत नव्हते.

आमचं गाव मायणीहून विट्याला जाणाऱ्या रस्त्यापासून आत. मायणी सातारा जिल्ह्यात, विटा सांगली जिल्ह्यात. गावातली निम्मी माणसं बाजाराला इकडं जातात, निम्मी तिकडं. खटाव, माण, खानापूर, आटपाडी हा सगळा पट्टा तेव्हा कोरडा ठाक. पाऊस नाही, पाटाचं पाणी नाही. त्यामुळं मिसरूड फुटलं की पोरगा गलाईला जायचा. गलाई म्हणजे सोन्या-चांदीचे जुने डाग, मोड आटवून शुद्ध करायचं काम. मूस, भट्टी, तेजाबाचा धूर. इथल्या माणसांची गलाईची दुकानं देशभर आहेत. केरळापासून बिहारपर्यंत कुठल्याही शहरातल्या सराफ गल्लीत जा, मागच्या खोलीत खानापूर-आटपाडीचा एखादा पोरगा भट्टीपुढं बसलेला सापडेल. सोळाव्या-सतराव्या वर्षी घर सुटतं. खोलीत आठ-दहा जण, भाषा अनोळखी, हातात पहिल्यांदाच आपला पैसा. गावाला यायचं ते यात्रेला आणि दिवाळीला. लग्न झालं तरी बायको गावाकडं, सासू-सासऱ्यांपाशी.

माझा चुलता, तात्या, असाच दक्षिणेत गेला होता. दिसायला राजबिंडा, बोलायला गोड. १९९५ च्या दिवाळीला आला तो खोकतच. अंग झडलेलं, तोंडात पांढरा थर. कुणी म्हणालं टीबी, कुणी म्हणालं करणी. आजीनं अंगारे-धुपारे केले, घरच्या कर्त्या आण्णांनी एका मोठ्या दवाखान्यात नेलं. त्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथं व्हरांड्यातल्या गर्दीत उभं राहून डॉक्टरांनी मोठ्यानं सांगितलं, “एड्स आहे. घरी न्या.” तात्याला आधी काही विचारलं नाही, नंतर काही समजावलं नाही. बातमी आमच्याआधी एसटीनं गावात पोचली. फेब्रुवारीत तात्या गेला.

काकी तेव्हा चोविशीची. मांडीवर दोन वर्षांचा मुलगा, आम्ही त्याला भावड्या म्हणायचो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकीचं अंथरूण गोठ्यात गेलं. नवरा गावाबाहेर असताना ही चार भिंतींत राहिलेली बाई, तिला हा आजार तिच्या नवऱ्यामुळंच झालेला; पण आजी बायकांना सांगायची, “माझा ल्योक तसला नव्हता. हिचाच पायगुण.”

तसला. हा शब्द मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला आणि पुढची वीस वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकत राहिले.

एक दुपार मला अजून झोपेतून उठवते. उन्हाळा होता. काकीला ताप होता. तिनं कुडाआडून हाक मारली, “पोरी, वाईच पाणी दे गं तांब्यातनं.” मी तांब्या भरला आणि तुरकाटी शोधत राहिले. तांब्या काठीनं सरकत नाही, कलंडतो. पाणी सांडलं. मी पुन्हा भरायला गेले नाही. घाबरून खेळायला पळाले. दहा वर्षांच्या पोरीला कळत नव्हतं, असं लोक म्हणतील. पण एवढं मात्र कळत होतं की तिला तहान लागली आहे.

पुढं दोन महिन्यांनी काकी भावड्याला घेऊन माहेरी गेली, तासगाव तालुक्यात. तिथंही भावजयीनं वेगळी चूल दाखवली. एका शेजारणीनं तिला सांगलीला नेलं, सरकारी दवाखान्यात. तिथं तपासणीच्या रांगेत तिला एक बाई भेटली. लुगडं लाल, कपाळावर मोठं कुंकू, मोठ्या आवाजात बोलणारी. ही गोष्ट काकी आजही सांगते तेव्हा आधी स्वतःची लाज सांगते. ती बाई गोकुळनगरची आहे हे कळल्यावर काकी बाकावर दोन हात सरकून बसली. गोकुळनगर म्हणजे सांगलीतली धंदेवाल्या बायकांची वस्ती. बाईनं चहा मागवला, एक ग्लास काकीपुढं केला. काकीनं तोंड फिरवलं. “मी तसल्या बायकांच्या हातचं घेत न्हाई.”

ती बाई हसली नाही, रागावलीही नाही. भावड्याला तहान लागली होती, त्यानं त्या ग्लासातला चहा घोटभर पिऊन उरलेला सांडत बाईच्याच हातात दिला. तिनं तो उष्टा ग्लास तोंडाला लावून रिकामा केला. मग म्हणाली, “तुझ्या घरी तुझ्या पोराचं उष्टं असं कुणी खाल्लंय का गं, गेल्या चार महिन्यात?”

काकी म्हणते, मी तिथं रडले तेवढी नवरा मेला तेव्हासुद्धा रडले नव्हते.

भावड्याची तपासणी निगेटिव्ह आली. औषधपाणी काहीच नसेल तर बाधित आईकडून शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना पोटात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून लागण होते. भावड्या उरलेल्यांतला निघाला. आज प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करतात आणि आईला वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर हा धोका पाचाच्याही खाली येतो. काकीच्या वेळेला यातलं काहीच नव्हतं. तिच्या बाजूला फक्त नशीब होतं.

सांगलीत त्या काळात जे घडत होतं ते महाराष्ट्रानं नीट समजून घ्यायला हवं होतं. १९९२ मध्ये मीना सरस्वती शेषू यांनी ‘संग्राम’ संस्थेचं काम सुरू केलं. संग्राम म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्था. ज्या बायकांना साऱ्या जिल्ह्यानं रोगाचं मूळ ठरवलं होतं, त्यांनाच या कामात शिक्षक केलं गेलं. गोकुळनगरच्या, मिरजेच्या बायका एकमेकींना निरोध वाटू लागल्या, गिऱ्हाइकाला नाही म्हणायला शिकवू लागल्या, आजारी बाईला दवाखान्यात नेऊ लागल्या. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. देशात हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो १९८६ मध्ये चेन्नईत, डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या रक्तात, आणि ते रक्तही अशाच बायकांचं होतं. तेव्हापासून बोट त्यांच्याकडंच दाखवलं गेलं. मी त्याच १९८६ मध्ये जन्मले. म्हणजे माझं सगळं आयुष्य हा आजार आणि त्याबद्दलचं मौन या दोघांच्या सोबतीनं गेलं.

काकी त्या बायकांकडून शिकली. चौथी पास बाई, पण तिला चार वाटा तोंडपाठ झाल्या: निरोधाशिवायचा शरीरसंबंध, बाधित रक्त, एकानं वापरलेली सुई दुसऱ्यानं वापरणं आणि आईकडून बाळाला. या चार वाटांनीच हा विषाणू येतो. उष्ट्यानं, हात धरल्यानं, एका संडासानं, डास चावल्यानं येत नाही. १९९९ मध्ये ती गावाला परत आली. भावड्याच्या वाट्याची जमीन आहे, ती सोडणार नाही म्हणाली. आण्णांनी मान खाली घालून सातबारा काढून दिला. गोठ्याच्याच जागेवर तिनं पत्र्याची खोली घातली. कुडावरची ताटली तिनं स्वतः उतरवली, घासली आणि आपल्या ट्रंकेत ठेवली. पुढं कधीतरी मी विचारलं, एवढी कडू आठवण कशाला जपतेस? म्हणाली, “आठवण म्हणून न्हाई. पुरावा म्हणून.”

मधली काही वर्षं ती फार खंगली. गोळ्या बाजारात होत्या, पण महिन्याला हजारो रुपये शेतमजूर बाई कुठून आणणार? १ एप्रिल २००४ पासून सरकारनं त्या मोफत द्यायला सुरुवात केली, पुढं सांगलीतही केंद्र निघालं आणि काकीचं नाव लागलं. आकाशवाणी सांगलीवर सकाळच्या बातम्या लागल्या की एक गोळी, रात्री जेवणाआधी एक. बातम्या चुकतील, गोळी चुकायची नाही. वर्षभरात ती पुन्हा खुरपायला जाऊ लागली.

आता माझी दुसरी चूक. पहिली लहानपणीची होती. ही पदवी घेतल्यानंतरची आहे.

२००९ मध्ये मी एका विद्यालयात विज्ञान शिकवायला लागले. त्याच्या दोन वर्षं आधी राज्यात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावरून मोठा गदारोळ झाला होता, विधिमंडळात आमदारांनी विरोध केला आणि ते शिक्षण थांबवलं गेलं. पण मी त्या गदारोळामागं लपणार नाही. दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा होता आणि तो शिकवायला मला कुणी बंदी केलेली नव्हती. मागच्या बाकावरून खुसखुस ऐकू आली, माझे कान तापले आणि मी म्हणाले, “हा भाग सोपा आहे, घरी वाचा.” पानं उलटली आणि पुढचा धडा काढला. त्या वर्गात भावड्या होता आणि त्याच्याच बाकावर त्याचा एक मित्र. ज्या घरात पुस्तकातल्या त्या चित्रावर आई वही ठेवून झाकते, त्या घरी मी तो धडा वाचायला पाठवला. मनात एवढंच की, आपली पोरं तसली नाहीत, त्यांना कशाला हे नको त्या वयात.

म्हणजे आजीचाच शब्द. फक्त माझ्याजवळ बी.एड. होतं.

२०१२ च्या जूनमध्ये भावड्या आणि तो मित्र दोघंही गलाईला निघाले, एकाच दुकानावर. विट्याच्या स्टँडवर त्यांना सोडायला आम्ही सगळे गेलो. काकीनं भावड्याच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी भरली, कडक भाकऱ्या, भडंग, आणि सगळ्यात वर निरोधचं पाकीट. लपवून नाही. उघड, चटणीच्या डब्याशेजारी. भावड्या कानापर्यंत लाल झाला.

“आये, काय हे! लोक बघत्यात.”

“बघू देत. तुझ्या बापाच्या पिशवीत तुझ्या आजीनं चटणी दिली, लाडू दिलं, अंगारा दिला. ह्ये कुणी दिलं न्हाई. तू जाशीलच कुठं असं मी म्हणत न्हाई. पर गेलास तर ह्याच्याबिगर जायचं न्हाई. आन् लगीन ठरलं की तपासणी केल्याबिगर हळद लावून घ्यायची न्हाई.”

मग तिनं दुसरं पाकीट काढलं आणि त्या मित्रापुढं धरलं. त्याचा हात पुढं आला, मला नीट आठवतंय, आला होता. पण मधेच त्याच्या आईनं ते हिसकावलं आणि स्टँडच्या गटारात फेकलं. “तुमचं पोरगं तसलं असंल. माझं न्हाई.”

गाडी सुटली. काकी गटाराकडं बघत उभी होती. मित्राच्या आईपुढं तिनं एक शब्द काढला नाही. मला म्हणाली, “ती वाईट बाई न्हाई. तिला वाटतं, पाकीट दिलं म्हंजे पोराला वाट दावली. वाट तर त्याला आधीच ठाव असती गं. पाकीट परत यायसाठी असतं.”

२०१७ च्या पावसाळ्यात तो मित्र गावाला आला. ताप जात नव्हता, वजन घटलेलं. एका रात्री काकीच्या पत्र्याच्या खोलीची कडी वाजली. स्वतःच्या घरात ज्याची वाच्यता करता येत नव्हती ते बोलायला तो तिथं आला होता. काकीनं मला फोन केला, “तू ये. तुझा विद्यार्थी हाय.” दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं साताऱ्याला गेलो, सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात. तिथं त्याला आधी आत बसवून सगळं समजावलं, त्याची संमती घेतली, मग रक्त घेतलं. एका तपासणीवर निकाल देत नाहीत, पहिली पॉझिटिव्ह आली तर वेगळ्या किटवर पुन्हा दोनदा खात्री करतात. निकालही दार लावून त्याला एकट्याला सांगितला. मला तात्याचा व्हरांडा आठवला आणि मी भिंतीला टेकले.

तो बाहेर आला, माझ्याशेजारी बसला. बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. मग म्हणाला,

“मॅडम, एक बोलू? तुम्ही दहावीत तो धडा घरी वाचा म्हणाला होता.”

“हो.”

“मी वाचायला काढला होता. वडलांनी पुस्तक हिसकावून घेतलं. म्हणाले, असलं शिकवत्यात व्हय शाळेत. मी म्हणालो, न्हाई, मॅडमनी शिकवलंच न्हाई.” थोडं थांबून तो म्हणाला, “तिकडं मला माहीत होतं की निरोध असतो. पण मेडिकलवाला आपल्याच गावाकडचा, आमच्या मालकाच्या ओळखीचा. मागायचा कसा?”

तो मला दोष देत नव्हता. म्हणूनच ते ऐकणं जड गेलं.

त्याच वर्षीपासून नियम बदलला होता. पूर्वी रक्तातल्या सीडी-४ पेशी ठराविक आकड्याच्या खाली घसरेपर्यंत औषधासाठी थांबावं लागायचं. २०१७ पासून निदान झालं की लगेच औषध. या सीडी-४ म्हणजे अंगातल्या राखणदार पेशी, विषाणू त्यांनाच खातो. दोनशेच्या खाली गेल्या की टीबीसारखे आजार अंगावर बसतात, त्या अवस्थेला एड्स म्हणतात. एचआयव्ही झाला म्हणजे एड्स झाला असं नाही; मधे वर्षं असतात आणि गोळ्या नेमानं घेतल्या तर ती अवस्था सहसा येत नाही. त्याच्या पेशी बऱ्या होत्या. त्याला गोळ्या सुरू झाल्या. आज तो गावातच आहे, शेळ्या पाळतो. रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झालाय आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. लग्न झालंय. बायकोला लग्नाआधी त्यानं स्वतः सगळं सांगितलं होतं, काकीच्या खोलीत बसून. मुलगी आहे, निगेटिव्ह. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं कुणाची ही माहिती त्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. कायदा नसता तरी ते नाव त्याचंच होतं.

भावड्याचं विचाराल तर त्यानं ते पाकीट वापरलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. लग्नाआधी तो तपासणीला गेला, एवढं मला माहीत आहे.

२०१७ च्या १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, मी काकीला अकरावी-बारावीच्या वर्गावर बोलवलं. मुख्याध्यापकांना आधी भेटले, पालकांना चिठ्ठी पाठवली. तीन पालक भांडायला आले, त्यातले दोघं मागच्या बाकावर बसून ऐकून गेले. मुलं-मुली एकाच वर्गात बसवली. काकी इरकली लुगडं नेसून आली, काखेत पिशवी. पिशवीतून तिनं ती फुलीची ताटली काढली आणि टेबलावर ठेवली. ताटलीची गोष्ट सांगितली. तुरकाटीची पण सांगितली. काठी धरणारी पोरगी कोण, ते मात्र सांगितलं नाही. ते मी उभं राहून सांगितलं.

वर्गात कुणी हललं नाही.

मग काकी म्हणाली, “आता चिठ्ठ्या लिवा. नाव घालायचं न्हाई. काय बी इचारा. आन् ह्या ताटलीत टाका.”

सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहायच्या, प्रश्न नसेल त्यानं कोरी घडी टाकायची, म्हणजे कोण लिहितंय ते कुणाला कळत नाही. ही युक्तीही तिचीच. ताटली भरून वर ढीग झाला. मी एकेक उघडून वाचत गेले, ती उत्तर देत गेली.

पुसेगावच्या यात्रेत टॅटू काढला तर होतो का? “एकच सुई दहा जणांस्नी टोचत असंल तर धोका हाय, ह्याचा बी आन् काविळीचा बी. नवी सुई डोळ्यादेखत फोडायला लाव. न्हाई म्हणला तर उठून ये.”

काल चूक झाली, आज तपासलं तर कळेल का? इथं ती माझ्याकडं वळली आणि मी सांगितलं: लगेच कळत नाही. अंगात विषाणू शिरल्यावर तपासणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. पण ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठला तर लागण टाळायची औषधं मिळू शकतात, म्हणून लाजत घरी बसायचं नाही. १०९७ हा फुकटचा नंबर आहे, नाव न सांगता बोलता येतं.

एका चिठ्ठीवर मुलीचं गोल अक्षर होतं. ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याला तपासणी करा म्हटलं तर तो म्हणेल, तुझा माझ्यावर विश्वास नाही. मग काय बोलायचं?

काकी बराच वेळ बोलली नाही. लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिली. या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःचं लग्न ठरताना हवं होतं.

“आधी आपली करायची,” ती म्हणाली. “आपला कागद त्येच्या हातात द्यायचा. म्हणायचं, ह्यो माझा. आता तुमचा आणा. आन् एवढ्यानं जो रागावून उठला, त्यो उठलेलाच बरा.”

मागच्या बाकावरचे एक वडील मान हलवत होते.

मग एक चिठ्ठी निघाली: मॅडम, तुम्ही या ताटलीत जेवाल का?

मला वाटतं त्या पोराला मला कोंडीत पकडायचं नव्हतं, त्याला खरंच बघायचं होतं. वर्ग माझ्याकडं बघायला लागला. मी ताटलीतल्या चिठ्ठ्या बाजूला काढायला हात घातला, तर काकीनं माझं मनगट धरलं.

“न्हाई. ह्या ताटलीत आता कुणीच जेवायचं न्हाई,” ती म्हणाली. “मी बी न्हाई जेवत. घरी आमी दोघी एका परातीत खातो, ते ह्यास्नी काय दावायचंय? ह्या ताटलीत चिठ्ठ्याच ऱ्हाऊ देत. पुढची काढ.”

मी पुढची काढली. वहीचं फाडलेलं पान, चार घड्या घातलेलं, पेन्सिलीनं लिहिलेलं, खोडून पुन्हा लिहिलेलं. मी वाचली आणि माझा आवाज अडकला. काकीनं चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, लांब धरून अक्षरं जुळवत वाचली आणि परत मला दिली.

“ह्येचं उत्तर तू दे. तू मास्तरीण हायेस.”

मी चिठ्ठी पुन्हा मोठ्यानं वाचली, वर्गाला ऐकू जाईल अशी. मेडिकलवाला ओळखीचा असला तर निरोध कुठून आणायचा?

कान तापले. मागून खुसखुस आली. मी खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, निरोध. मग वर्गाकडं तोंड केलं.

“प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतो,” मी म्हणाले. “तपासणी केंद्रात पण मिळतो. नाव विचारत नाहीत. आणि तो कसा वापरायचा, ते आता सांगते. वह्या काढा.”